सासूबाईंची निर्धोक वाट

वाळू आणायची नाही, असं ओरेस्ट क्लिमचुकने तीन जानेवारीला सकाळी चहा पिता पिता ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

वाळू काही लांब नव्हती. कम्युनिटी सेंटरच्या दारात पिवळ्या पेटीत ती भरून ठेवलेली असे. बादली न्यायची, भरायची, घरी येऊन दारातल्या बर्फावर फेकायची. कॅनडातल्या विनिपेगमधलं शेंबडं पोरसुद्धा हे करतं. पण दारिया, म्हणजे ओरेस्टची बायको, नोव्हेंबरपासून "वाळू आण, वाळू आण" म्हणून त्याच्या कानीकपाळी ओरडत होती. नोव्हेंबरात सांगितलेलं काम जानेवारीत करायचं म्हणजे बायकोचं बरोबर होतं असं कबूल करायचं, आणि इतक्या थराला ओरेस्ट अजून गेलेला नव्हता.

प्रश्न होता बर्फाच्या एका चकतीचा. छताच्या पन्हळीतून ठिबकणारं पाणी पुढच्या दारापासून फुटपाथपर्यंतच्या वाटेवर बरोब्बर मध्यावर पडायचं आणि गोठायचं. चकती जेवणाच्या ताटाएवढी. एरवी अशा चकतीकडे ओरेस्टने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण गेल्या जूनमध्ये तो पाण्याच्या मीटरच्या ऑफिसातून रिटायर झाला होता, आणि तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. बसला की गुडघा हलवायचा, उठला की खिडकीशी जायचा. खिडकीशी गेला की थर्मामीटर पाहायचा. थर्मामीटरवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून रेडिओ लावायचा, आणि रेडिओवर तर त्याहून नव्हता, म्हणून पुन्हा थर्मामीटर. "हा माणूस घरातल्या घरात रोज दोनशे किलोमीटरवरच्या ब्रँडनपर्यंत जाऊन येतो," असं दारिया शेजारणीला सांगायची.

या वेळी मात्र त्याच्या तगमगीला कारण होतं. दारियाचा थोरला भाऊ मायरन पाच तारखेला येणार होता. मायरन व्हिक्टोरियाला राहायचा. तिथे बर्फ पडत नाही, फेब्रुवारीत फुलं येतात, आणि हे तो फोनवर सांगितल्याशिवाय राहत नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची आई, म्हणजे ओरेस्टच्या सासूबाई पराश्का, याच वाटेवर पडल्या होत्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं होतं. तेव्हापासून मायरनने एकच धोशा लावला होता. परवा तर त्याने फोनवर निकालच दिला.

"ओरेस्ट, मी आल्यावर आधी तुझ्या दारातली वाट बघणार. तिथे बोटभर जरी बर्फ दिसला ना, तरी सणाचं जेवण उरकून आईला घेऊन निघतो. ऐंशी वर्षांच्या बाईला घसरगुंडीवर ठेवायची नसते."

"एक्क्याऐंशी," ओरेस्ट म्हणाला.

आता एखाद्या जावयाला सासू दोन हजार किलोमीटरवर जाते आहे हे ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या. ओरेस्टचं गणित वेगळं होतं. एक तर सासूबाई घरात असल्या की दारियाचं बोलणं दोघांत वाटलं जायचं; त्या गेल्या तर अख्खं त्याच्या वाट्याला आलं असतं. दुसरं म्हणजे त्याची स्वतःची आई तो सात वर्षांचा असताना गेली होती, आणि तेव्हापासून त्याला "जेवलास का रे?" असं विचारणारं पहिलं माणूस म्हणजे या सासूबाई. रोज दुपारी दोघं पत्ते खेळत, सासूबाई राजरोस लबाडी करत, आणि ओरेस्ट ती दिसली नाही असं दाखवे. त्याचा त्यांच्यावर जीव होता. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या चार्ल्सवुडसारख्या वस्तीत सासूवर प्रेम करणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात.

तर चकती. ओरेस्ट दारात उभा राहून तिच्याकडे बघत असताना शेजारची गुद्रुन सायकलवरून आली. गुद्रुन शाळेत भूगोल शिकवते आणि उणे तीस असलं तरी सायकलनेच जाते. तिच्या टायरना लोखंडी खिळे आहेत, भुवयांवर बर्फ असतो, आणि "गाडी काढत जा की बाई" म्हणणाऱ्याला ती सायकलचे फायदे सांगते. त्यामुळे आता कोणी म्हणत नाही.

"काय ओरेस्टकाका, बर्फाला नजरेनेच वितळवताय?"

"विचार करतोय. तुमच्या सायकलच्या रस्त्यावर महापालिका काय टाकते गं हल्ली? ते तपकिरी?"

"बिटाचा रस. मिठाच्या पाण्यात मिसळून फवारतात. नुसतं मीठ थंडीत काम करत नाही, बिटाने जरा जास्त चिकटून राहतं."

"बिटाचा?"

"पण ते मोठ्या रस्त्यांना. फार गार पडलं तर त्याचाही उपयोग नाही. तुम्ही आपली वाळू आणा. बादलीभर वाळू, दोन मिनिटांचं काम."

यातलं पहिलं वाक्य ओरेस्टने काळजात जपून ठेवलं आणि बाकीची वाऱ्यावर सोडून दिली.

कारण बिटाचं खारं पाणी त्याच्या घरातच होतं! तळघरात चिनी मातीची गुडघ्याएवढी बरणी होती आणि तिच्यात सासूबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी बीट घालून, मीठ-पाणी ओतून, वर फडकं बांधून आंबवायला ठेवलं होतं. हा क्वास. सहा जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे नाताळच्या आदल्या दिवशी, याचाच बोर्श्ट, म्हणजे बिटाचं लाल सूप, होतो. सासूबाईंच्या आईचा, तिच्या आईचा, असा तो चालत आलेला. त्या बरणीशी सासूबाई जाता-येता दोन शब्द बोलत असत.

बीट आहे. मीठ आहे. महापालिका आणखी वेगळं काय करते?

सासूबाई दर गुरुवारप्रमाणे चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला गेल्या होत्या (गुद्रुनच्या आईच्या गाडीतून), आणि दारिया कामावर होती. ओरेस्टने बागेतली झारी काढली. फक्त एक ओगराळं घ्यायचं, चकतीपुरतं, असं त्याने ठरवलं. एक ओगराळं झारीच्या तळालाही लागेना, म्हणून चार घेतली.

आणि नवल म्हणजे चकती विरघळली! त्या दिवशी हवा जरा मऊ होती, उणे सात वगैरे. बर्फ आधी गुलाबी झाला, मग भुसभुशीत झाला, मग फावड्याने अलगद निघाला. ओरेस्ट चकतीच्या जागी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या तळघरातले मीटर वाचले होते. शास्त्राने आपल्याला अशी साथ द्यावी हा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिलाच होता.

इथे थांबला असता तर तो ओरेस्ट कसला? चकती गेली, पण बाकीच्या वाटेवर दाबलेल्या बर्फाचा पातळ थर होताच. मायरन "बोटभर" म्हणाला होता. तिथे झारी फिरली. मग पायऱ्या. मग पायऱ्यांजवळचा कोपरा. मग कोपऱ्याच्या मानाने फुटपाथजवळचा भाग फिका दिसायला लागला. असं करता करता ओरेस्टने तळघराच्या इतक्या फेऱ्या मारल्या की ब्रँडन काय, तो जवळजवळ त्याच्याही पुढच्या रेजायनाला पोचला. शेवटी बरणीत ओगराळं बुडवलं तर खडखड आवाज आला. उरले होते नुसते बिटाचे तुकडे.

त्याने बरणी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली, मूठभर मीठ टाकलं, फडकं होतं तसं बांधलं. परवापर्यंत रंग उतरेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. (स्वतःशी बोलताना ओरेस्टचा आवाज नेहमी फार विश्वासार्ह असतो.)

संध्याकाळी सासूबाई आणि दारिया मागच्या गल्लीतून गॅरेजमार्गे घरात आल्या, त्यामुळे पुढचं दार कोणी उघडलंच नाही. उत्तरेकडचं वारं रात्री सुटलं. सकाळी ओरेस्टने थर्मामीटर पाहिला. त्याचा विश्वास बसला नाही. रेडिओ लावला. रेडिओही उणे एकोणतीसच म्हणाला.

त्याने पुढचं दार उघडलं.

पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत सगळी वाट लालभडक काचेची झाली होती. मधे मधे शिंतोडे. कडेच्या पांढऱ्या बर्फात ओघळ. कोपऱ्यात, जिथे झारी कलंडली होती, तिथे तर थारोळंच. त्यावर सकाळचं ऊन पडून ते असं लखलखत होतं की ओरेस्टलाही क्षणभर वाटलं, इथे काहीतरी भयंकर घडलंय. (आणि घडलं होतंच.)

त्याने दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. दारियाने कामावर जाताना मागूनच गाडी काढली आणि "वाळू!" एवढंच ओरडली. सासूबाई कुठे दिसत नव्हत्या. ओरेस्ट येरझारा घालत विचार करत होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण पोलीसबाई एका हाताने कठडा घट्ट धरून उभी होती. फुटपाथवर दोन कुत्री आणि त्यांचे मालक माना उंचावून बघत होते.

"गुड मॉर्निंग. घरात सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम."

"हे बाहेर जे..."

"ते मीच केलंय," ओरेस्ट म्हणाला. शास्त्राचा थोडा अभिमान अजून शिल्लक होता.

पोलीसबाईने कठडा आणखी घट्ट धरला. "कशासाठी?"

"सासूबाईंसाठी."

"म्हणजे?"

"त्यांचा कायमचा प्रश्न सोडवायचा होता. माझा मेव्हणा म्हणतो, त्यांना इथे ठेवू नकोस. मी म्हटलं, तू यायच्या आत काय ते उरकून टाकतो."

"सासूबाई आता कुठे आहेत?"

"त्या ना? सकाळपासून त्यांचा आवाज नाही."

"तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"काल रात्री. जरा वाजलं आमचं. पत्त्यांवरून."

"आणि तुमच्या पत्नी?"

"ती पण नाहीये. मी एकटाच आहे," आणि मग पोलीसबाईचा चेहरा पाहून त्याला वाटलं हिला धीर द्यावा, म्हणून तो म्हणाला, "घाबरू नका, सासूबाई तळघरात असतील."

पोलीसबाईचा हात खांद्यावरच्या वायरलेसकडे गेला. त्याच वेळी जमिनीखालून एक किंकाळी आली.

"ओऽरेऽस्ट!"

पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली आणि सासूबाई वर आल्या. एका हातात ओगराळं, ओगराळ्यात फिक्कट गुलाबी पाणी. त्यांनी ते ओरेस्टच्या नाकाखाली धरलं.

"हे काय आहे?"

"क्वास," ओरेस्ट म्हणाला.

"क्वास? जावईबापू, मी खाली बीट आंबवत ठेवलं होतं. आता तिथे विनिपेग महापालिकेचा नळ आंबतोय!" मग त्यांची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. ती लाल वाट त्यांनी फुटपाथपर्यंत न्याहाळली. मग पोलीसबाईकडे वळल्या. "तू ह्यासाठीच आलीस का गं? बरं केलंस. घेऊन जा ह्याला."

पोलीसबाई काही त्याला घेऊन गेली नाही. सासूबाईंनी तिला चहा दिला, खसखशीची पोळी दिली आणि मागच्या दाराने काढून दिलं. ओरेस्टला चहा मिळाला नाही. दुपारी सासूबाई पत्ते एकट्याच खेळल्या. एकट्या खेळतानासुद्धा लबाडी करत होत्या.

इकडे ओरेस्टने वाटेशी झुंज मांडली. त्याने कुऱ्हाड आणली. ती बर्फावरून उसळून त्याच्याच कपाळाकडे आली. मीठ टाकलं, ते बर्फावर मोत्यांसारखं चमकत पडून राहिलं. दारियाचा केस वाळवायचा ड्रायर खिडकीतून वायर सोडून चालवला. घराचा फ्यूज उडाला. संध्याकाळी दारियाने घरात पाऊल टाकलं, सगळं ऐकलं आणि खुर्चीत बसली.

"ओरेस्ट."

"बोल."

"वाळू."

"उद्या आणतो."

"मायरन उद्या येतोय."

"म्हणून तर म्हटलं, उद्या."

पण उद्या उजाडला तो हरणं घेऊन. चार्ल्सवुडच्या जंगलातली हरणं हिवाळ्यात वस्तीत येतात, लोकांची झुडपं खातात, जातात. त्यांना बहुतेक रात्रीतून वास लागला असावा. खारट, आंबटगोड, फुकट. सकाळी ओरेस्टने पडदा सरकवला तर वाटेवर पाच हरणं ओळीने उभी राहून सासूबाईंचा तीन आठवड्यांचा क्वास चाटत होती. त्याने काचेवर थाप मारली. एकाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याने झाडू घेऊन दार उघडलं. एक मोठं हरिण पायऱ्यांपर्यंत आलं, त्याने झाडू हुंगला आणि झाडूलाही थोडं चाटलं.

गुद्रुन सायकलवरून जाताना थांबली. तिने घंटी वाजवली. हरणं हलली नाहीत.

"ओरेस्टकाका, आता तरी आणा वाळू!"

"ही जातील आपोआप!"

"मायरन केव्हा येतोय?"

"तीनच्या विमानाने."

"मग पळा की!"

शेवटी घड्याळात तीन वाजले तेव्हा ओरेस्टने बादली उचलली. मागच्या दाराने निघाला, कम्युनिटी सेंटरला गेला, पिवळ्या पेटीतून वाळू भरली. (थंडीची लाट आली की सगळं चार्ल्सवुड तिथे येतं, रांगेत त्याच्या पुढे तिघं होते आणि तिघांनीही त्याला विचारलं, "ते लाल घर तुमचंच ना?") वाळू जराशी ओली होती. ती घेऊन तो पुढच्या बाजूने परतला, तेव्हा टॅक्सी नुकतीच दारात लागली होती आणि मायरन उतरत होता. अंगात पावसाळी कोट, पायात व्हिक्टोरियाचे पातळ चामडी बूट.

मायरनने वाटेकडे पाहिलं. लाल काच, ओघळ, थारोळं, आणि त्यावर पाच हरणं.

"ओरेस्ट," तो हळूच म्हणाला, "आई कुठे आहे?"

"आता तू तरी सुरू करू नकोस," ओरेस्ट म्हणाला, "एक मिनिट, आत्ता वाळू टाकतो," आणि त्याने बादली उलटी केली. उणे एकोणतीसमध्ये ओली वाळू अर्धा तास वागवली तर तिचं काय होतं, ते ओरेस्टला माहीत असायला हवं होतं. बादलीच्या आकाराचा एक अखंड गोळा धप्पकन बाहेर पडला, बर्फावरून सरकत गेला आणि एका हरणाच्या पायाशी थांबला. हरणाने तो चाटून पाहिला.

त्याच क्षणी पुढचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात पसरलेले. "माझा मायरन आला गं बाई!"

"आई, थांब!" मायरन ओरडला.

"आई, हलू नका!" ओरेस्ट ओरडला.

सासूबाईंच्या कानातलं यंत्र घरात टेबलावर होतं. त्या पायऱ्या उतरल्या. लाल काचेवर आल्या. एका हाताने हरणांना "हूत, हूत" करत, छोटी छोटी पावलं टाकत, बाजारात भाजी बघत चालावं तशा चालत निघाल्या. हरणं बाजूला झाली.

ओरेस्टला डोळ्यांपुढे मनगट दिसलं, प्लास्टर दिसलं, विमान दिसलं, रिकामी खुर्ची आणि टेबलावर पडून राहिलेले पत्ते दिसले. काय होतंय ते कळायच्या आत तो धावत सुटला. "आई, मी आलोऽ!"

चार पावलं बरी गेली. पाचव्याला पाय पुढे निघून गेले आणि ओरेस्ट मागून आला. तो हात पसरून सासूबाईंच्या दिशेने घरंगळत येत होता. सासूबाईंनी त्याला येताना पाहिलं, एक पाऊल बाजूला सरकल्या आणि त्याला जाऊ दिलं. खालच्या पायरीवर तो आपटला. घोट्यातून कडकन आवाज आला. मायरन त्याला उचलायला धावला, दुसऱ्याच पावलाला त्या लाल काचेवर बसकण मारली, आणि उठता उठता पुन्हा बसला. मधोमध सासूबाई एकट्या उभ्या होत्या. त्यांच्या बुटांवरून कोणाचे तरी जाडजूड लोकरी मोजे चढवलेले होते. ओरेस्टने वेदनेतूनही ते ओळखले. डिसेंबरपासून तो ते शोधत होता.

"बर्फावर लोकर धरते," सासूबाई मायरनला कॉलरला धरून उठवत म्हणाल्या. "हे तुला तुझ्या बापाने शिकवलं नाही? आणि हे कसले बूट घातलेस? लग्नाला आलायस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली चांदणी दिसली तेव्हा सगळे टेबलाशी बसले. ओरेस्टचा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. बारा पदार्थ झाले होते, गव्हाची खीर होती, मासा होता. बोर्श्टही होता, पण त्याला आंबटपणा आणायला दारियाला दुकानातलं व्हिनेगर वापरावं लागलं होतं. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. ओरेस्टने मात्र तो बोर्श्ट तीनदा मागून घेतला.

मायरन उशीवर बसला होता. (त्याचंही दुखत होतं, वेगळ्या जागी.) त्याने घसा साफ केला.

"आई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती वाट माणसाने चालायची नाही. परवा तू माझ्याबरोबर चल."

"काल कोण पडलं?" सासूबाईंनी विचारलं. आज यंत्र कानात होतं.

"मी पडलो."

"आणि?"

"ओरेस्ट."

"मी पडले?"

"काल नाही पडलीस, पण गेल्या फेब्रुवारीत..."

"गेल्या फेब्रुवारीत मी पडले नाही," सासूबाई म्हणाल्या. "या गावात एकसष्ट हिवाळे काढलेत, एकदाही पडले नाही. मला पाडलं. ह्याने आधार म्हणून माझा हात धरला, ह्याचा पाय सरकला, आणि हात काही ह्याने सोडला नाही."

दारियाने ओरेस्टकडे पाहिलं. ओरेस्टने माशाकडे पाहिलं. तो दिवस त्याने मनात पुन्हा पहिल्यापासून चालवून पाहिला, आणि दर वेळी आधी त्याचाच पाय सरकला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" दारियाने विचारलं.

"रिटायर व्हायचा होता गं. म्हटलं, माणूस आधीच खचलाय, त्यात आणखी कशाला?"

ओरेस्टने काटा खाली ठेवला. "आई, मी हे सगळं तुम्ही राहावं म्हणूनच केलं हो. तुम्ही गेलात तर मला इथे... म्हणजे दारिया आहे, पण..."

"पण काय?" दारिया म्हणाली.

"कळतं रे मला," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने पिरोही वाढले. मग मायरनकडे वळल्या. "हे बघ. बर्फातून एका माणसाला सोडवायला आलास ना? चांगलं काम आहे, कर. पण माणूस बरोबर निवड. ह्याला घेऊन जा."

"ह्याला?" मायरन म्हणाला.

"मला?" ओरेस्ट म्हणाला.

"किती दिवस?" दारियाने विचारलं, आणि तिच्या आवाजात जी उमेद होती ती ओरेस्टने लग्नानंतर ऐकली नव्हती.

"बर्फ जाईपर्यंत. कुबड्या घेऊन हा इथे कसा हिंडणार? तुझ्याकडे फुलं आहेत, सपाट रस्ते आहेत. फिरव त्याला. घरात बसवू नकोस, नाहीतर तुझा जिना झिजवेल."

मायरनने बरीच कारणं काढून पाहिली. घर लहान आहे, सोफा आखूड आहे, पाऊस फार असतो. पण ज्या तोंडाने त्याने वर्षभर व्हिक्टोरियाचं कौतुक केलं होतं, त्याच तोंडाने हे बोलताना त्याला सोसेना. गोड पदार्थ येईपर्यंत सगळं ठरलंसुद्धा. ओरेस्टला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. सासूबाई राहणार होत्या. त्याला हवं होतं ते झालं होतं. फक्त ते बघायला तो तिथे नसणार होता.

आठ तारखेला सकाळी टॅक्सी आली. गुद्रुनने सायकलला वाळूची पिशवी बांधून आणली होती, दारियाने ती वाटेवर फेकली होती. हरणं जंगलात परतली होती. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वाट अशी झाली होती की तिच्यावरून लहान मूल पळत गेलं असतं.

ओरेस्ट कुबड्यांवर एकेक पाऊल टाकत टॅक्सीपर्यंत आला. सासूबाई मोजे चढवून त्याच्याबरोबर आल्या. त्यांनी वाटेत खायला म्हणून केक बांधून दिला होता, गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला होता, "जेवत जा रे वेळेवर" असं सांगितलं होतं. टॅक्सीच्या दाराशी ओरेस्ट वळला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते आणि उणे एकोणतीसमध्ये ते लगेच चिकटायला लागले होते. त्याने एक कुबडी मायरनकडे दिली आणि मोकळा झालेला हात सासूबाईंकडे पसरला.

सासूबाई चटकन दोन पावलं मागे सरल्या.

"माया तिथूनच कर, बाळा," त्या म्हणाल्या. "हात नको धरूस."